हेदवीचा निळा कौल

हेदवीहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो एकच विचारतो, दशभुज गणपतीचं दर्शन झालं का? झालं. मूर्ती पांढरीशुभ्र आहे, हात दहा आहेत, आवार स्वच्छ आहे. एवढं सांगून मी विषय बदलते. पुढचं सांगायला घेतलं की लोक एकमेकांकडे बघतात, आणि सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना पोरांना गप्प बसवलेल्या बाईला ते बघणं बरोबर कळतं. म्हणून लिहायचं ठरवलं. लिहिताना निदान मध्ये कोणी बोलत नाही.

मी गेले होते समुद्रातल्या शेवाळाची सायनोटाइप करायला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन रसायनं पाण्यात कालवायची, अंधाऱ्या खोलीत कागदाला फासायची आणि वाळवायची. कागद कैरीसारखा पिवळट हिरवा होतो. त्यावर पान, फूल, गवत, काय हवं ते ठेवायचं, वरून काच दाबायची आणि दहा मिनिटं उन्हात ठेवून द्यायचं. मग पाण्यात धुवायचं. ऊन लागलं असेल तिथे गडद निळा रंग पक्का होतो. जिथे पानाची सावली होती तिथलं रसायन पाण्याबरोबर निघून जातं आणि पानाची पांढरी आकृती उरते. कॅमेरा नाही, शाई नाही. नोकरी सोडल्यापासून मला याचं वेड लागलंय. सांगलीतली झाडं करून करून संपली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, कोकणात नोव्हेंबरात खडकांवर शेवाळ बघ कसं असतं.

सोमवार

एसटीचं काही सांगत नाही, एसटी सगळीकडे सारखीच. हेदवीच्या पुढे समुद्राला लागून मच्छीमारांची एक वाडी आहे. तिचं नाव देत नाही, तिथल्या माणसांना माझ्यामुळे त्रास नको. दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरत गेलं की शेवटचं घर सुनंदाचं. घर जांभ्या चिऱ्याचं, पुढे पडवी, मग सारवलेलं अंगण, अंगणाला रचलेल्या दगडांचा बुटका गडगा आणि गडग्यापलीकडे थेट खडप, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा काळा खडक.

सुनंदा बेचाळीस-त्रेचाळीसची असेल. ओहोटीला खडपावर जाऊन कालवं फोडते, आणि घरातल्या दोन खोल्या माझ्यासारख्या उपटसुंभांना राहायला देते. मुलगी प्राची मुंबईला नोकरीला. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि नवरा काही दिसत नव्हता. मुंबईला असेल असं मी धरून चालले. इथे निम्म्या घरांत तसंच असतं.

अंगणातल्या दोरीवर पुरुषाचा एक शर्ट वाळत होता. एकच. कधीकाळी चौकड्यांचा असावा. आता इतका विरला होता की त्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता. मी आपली तोंडाळ. म्हटलं, "मालक आलेत वाटतं मुंबईहून?"

"नाय," सुनंदा म्हणाली. "दर सोमवारी धुतंय. हितली हवा खारट. पेटीत ऱ्हायला की बुरशी धरतो."

हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मी जेवायला बसले होते आणि माझा सगळा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. मासे खायला म्हणून एवढ्या लांब आलेली बाई मी, आणि वार निघाला सोमवार. ताटात कुळथाची पिठी, भात आणि आंब्याचं लोणचं. सांगलीला आम्ही श्रावण सोडला तर वार पाळण्याच्या फारशा भानगडीत पडत नाही. पिठी मात्र मी तीन वाट्या खाल्ली.

दुपारी मागच्या खोलीच्या खिडकीला चादरी लावून मी कागदांना रसायन फासत बसले. सुनंदाने चहा आणला आणि माझ्या प्रेमापोटी दार सताड उघडलं. पश्चिमेचं ऊन भस्सकन आत. तीन मोठे कागद कामातून गेले. मी अशी काही ओरडले की तिच्या हातातला कप हिंदकळला. मग लाज वाटली, म्हणून तिला जवळ बसवून समजावलं. एकदा ऊन लागून गेलेला कागद मेला. त्यावर नंतर काहीही ठेवलं तरी तो धुतल्यावर सगळा निळाच निघणार.

"येकदा ऊन लागलं की मंग सावली धरत नाय?" तिने विचारलं.

"नाही."

"कंदीच नाय?"

"कधीच नाही," मी म्हटलं, आणि चहा प्यायले.

मंगळवार, खडपावर

भांगाचे दिवस होते, म्हणजे समुद्र फार पुढेही येत नाही आणि फार मागेही जात नाही. पूर्ण ओहोटी दुपारच्या सुमाराला असणार होती. मी निघाले तेव्हा सुनंदा म्हणाली, "बाराच्या आत वर या, ताय. बारा वाजता खडपावर कुनी नसतं."

"कोणी नसतं, तर मग भीती कसली?"

"कुनी नसतं, म्हनून तर सांगतंय."

मी हसले. मला वेळ पाळायला सांगितलं की हटकून उशीर करायची खोड आहे. शिवाय शेवाळ खरंच बघण्यासारखं होतं. पाण्यात हात घातला की पिसासारखी लाल झुबकी बोटांना चिकटत. हिरवे पापुद्रे इतके पातळ की त्यातून बोटाच्या रेषा दिसत. मी दोन कागद शेजारी शेजारी मांडले, शेवाळ पसरलं, काचा ठेवल्या आणि वीस-पंचवीस पावलांवर केवड्याच्या बनाच्या सावलीत जाऊन बसले. घड्याळात बारा वाजून गेले होते.

वारा पडला. लांबून बामणघळीचा आवाज येत होता. हेदवीच्या किनाऱ्यावर खडकाला पडलेली ती अरुंद भेग आहे, तिच्यात लाट घुसली की आतून कोणीतरी श्वास ओढल्यासारखं वाटतं. सकाळी तो आवाज मजेचा वाटला होता. आता खडपावर एकही कावळा नव्हता, खेकडेसुद्धा बिळांत गेले होते, आणि तो श्वास तेवढा ऐकू येत होता. मी कागदांवरून नजर काढली नाही. त्यांच्या जवळ कोणी आलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.

घरी येऊन विहिरीच्या डोणीत, म्हणजे दगडी कुंडात, कागद धुतले. शेवाळ सुरेख उठलं होतं. पण दोन्ही कागदांवर आडवा एक फिकट पट्टा होता. मी म्हटलं, फासताना ब्रश नीट लागला नसेल. सुनंदा पाणी शेंदायला आली होती. तिने ओले कागद उचलले आणि खडपावर होते तसे शेजारी शेजारी धरले. एका कागदावरचा पट्टा दुसऱ्यावर बरोबर पुढे चालू होत होता. खाली रुंद, मग आणखी रुंद, मग एकदम निमुळता होऊन वर गोल.

"ह्यो कोन?" तिने विचारलं.

"कोणी नाही गं. रसायनाचा दोष आहे."

"सावली पडली तर असं उटतं?"

"उठतं. पण त्यासाठी माणूस एका जागी चांगला दहा मिनिटं उभा राहायला हवा."

"म्हंजे धा मिन्टं उबा व्हता," ती म्हणाली आणि कळशी घेऊन आत गेली.

रसायन दोन कागदांवर जोडून चुकत नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या दिवशी बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण होतं. तिरफळाने माझी जीभ बधिर झाली आणि एरवी मी त्यावर अर्धा तास बोलले असते.

बुधवार

सकाळी सुनंदा कालवांना गेल्यावर तिचे थोरले दीर आले. दत्ताराम नाव, वय पासष्टीच्या पुढे, जुने तांडेल, म्हणजे लाँच चालवणारे. पडवीच्या पायरीवर ते समुद्राकडे पाठ करून बसले. वाडीतली सगळी माणसं बसताना तोंड समुद्राकडे करतात, म्हणून माझ्या लक्षात आलं.

"बाई, तुमी शिकलेल्या," ते म्हणाले. "सुनंदाला दोन शब्द सांगा."

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. सुनंदाचा नवरा मधुकर हा त्यांचा धाकटा भाऊ. बारा वर्षांमागे तो त्यांच्याच लाँचवर खलाशी होता. एका सकाळी जाळं ओढताना सगळे पुढे होते, तो मागे होता. जाळं वर आलं आणि मागे कोणी नव्हतं. "वारा नाय, लाट नाय, वरडला पन नाय," दत्ताराम म्हणाले. "दिसभर त्याच जाग्यावर लाँच फिरवली. टोपी पन नाय गावली."

माणूस समुद्रात गेला आणि सापडला नाही तर त्यांच्याकडे बारा वर्षं वाट बघतात. तोवर बायको सवाष्णच. बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा माणूस करतात, देठांची हाडं, पानांचं अंग, आणि त्याला नीट कापडात गुंडाळून खरा गेल्यासारखा जाळतात. मग बायकोचं मंगळसूत्र उतरतं. आमच्या कृष्णेत गेलेला माणूस दोन दिवसांत खाली कुठेतरी लागतोच. नदीला काठ असतो. अशी बारा वर्षांची वाट मी कधी ऐकली नव्हती.

विधी शनिवारी ठरला होता, भटजींनाही सांगून ठेवलं होतं. घाई अशासाठी की प्राचीचं लग्न जमलं होतं आणि पत्रिका छापायला द्यायची होती. पत्रिकेवर बापाच्या नावामागे 'कै.' घालायचं की नाही, हे मुलाकडचे दोनदा विचारून गेले होते.

"सुनंदाचा होकार असल्याबिगर मी पुतळ्याला हात लावनार नाय," दत्ताराम म्हणाले. "ती व्हय म्हनत नाय, नाय पन म्हनत नाय. गुरवाकडनं देवीला कौल लावला, पान्यानं दोन पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या. उजवी पाकळी पडली तर गेला, डावी पडली तर हाय. येक पन पडली नाय. दोनी चिकटून ऱ्हायल्या."

मी चार दिवसांची पाहुणी, मला यात ओढू नका, असं मी जरा फटकळपणेच सांगितलं. ते उठले. जातानासुद्धा त्यांनी समुद्राकडे बघितलं नाही. मला नंतर आपलंच बोलणं लागलं.

गुरुवार

दुपारी सुनंदा माझ्या खोलीत आली. हातात कोरं मांजरपाट होतं, अंथरुणाएवढं.

"ताय, तुमी कापडावर पन करताव ना तसलं?"

"करते."

"मंग ह्येच्यावर करा. मी पळसाची पानं आनतंय. त्याचा पुतळा मांडतंय. पांढरा उटला तर तो गेला. मी भावजींना व्हय म्हनून सांगनार. सगळं निळंच ऱ्हायलं तर तो हाय, मंग कुनी कायपन म्हनू दे. पत्रिका तशीच छापायची."

मी तिला पुन्हा सगळं समजावलं. हे रसायन आहे. पानाखाली ऊन जात नाही. मांडलंस तर पांढरं उठणारच, तुझा नवरा असो की नसो. यात त्याचा काही संबंध नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "फूल पन पानी सुकलं की पडतं, ताय. आमाला काय म्हाईत नाय? तरी कौल लावतोच ना."

"पण कौलाला दोन बाजू असतात. याला एकच आहे."

"मंगळवारी खडपावर कोन उबा व्हता?" तिने विचारलं. "भावजींना सांगू नका. पुतळा दोनदा करत नायत," एवढं सांगून ती गेली.

संध्याकाळी मी मांजरपाट उकळून त्याची खळ काढली, वाळवलं आणि अंधाऱ्या खोलीत त्याला रसायन फासलं. हात यंत्रासारखे चालत होते आणि डोक्यात एकच, की उद्या माझ्या दोन बाटल्यांच्या जोरावर एक बाई विधवा होणार. विचारते ती समुद्राला, आणि उत्तर देणार मी, आणि ते उत्तर मला आजच ठाऊक. मला त्या कापडाचा, त्या पत्रिकेचा, त्या भटजींचा, सगळ्यांचा संताप आला. सगळ्यात जास्त दया आली सुनंदाची. दया आली की माणूस काय वाट्टेल ते करतो.

शुक्रवार

सकाळी नऊच्या सुमाराला सुनंदा पानं आणायला वर सड्यावर, म्हणजे टेकडीच्या कातळमाथ्यावर, गेली. ती पाखाडी चढून दिसेनाशी झाली तशी मी खोलीतून कापड काढलं आणि घराच्या मागच्या बाजूला गडग्यावर पसरलं. एकदा सुलटं, एकदा उलटं. अर्धा तास चांगलं कडक ऊन दिलं. कैरीचा रंग जाऊन कापड राखेसारखं झालं. आता त्यावर पानं ठेवा, नाहीतर हत्ती ठेवा, ते सगळं निळंच निघणार होतं. मी ते घडी घालून परत आत ठेवलं. मला वाटलं, मी चांगलं काम करते आहे. निदान ती स्वतःच्या मनाने नाही म्हणू शकेल.

बाराला थोडं कमी असताना आम्ही अंगणात कापड अंथरलं. सुनंदा त्या राखाडी रंगाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"कापडावर रंग असाच दिसतो," मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, तसा चढला.

गुडघ्यावर बसून तिने पानं मांडायला घेतली. पळसाची पानं मोठी, जाड, हाताच्या पंजापेक्षा मोठी. डोकं, खांदे, छाती. दोरीवरचा तो शर्ट आणून तिने रुंदी जोखली. उंची मात्र तिने कशानेही मोजली नाही. दोन्ही हात अंगालगत सरळ, दोन्ही पाय सरळ, पावलं जुळलेली. मडक्यावरून हात फिरवावा तसा तिने त्या पानांवरून हात फिरवला आणि उठून पडवीत माझ्याजवळ येऊन बसली.

वीस मिनिटं. वारा अजिबात नव्हता, पान हललं नाही. गडग्यावरून रोज अंगणात येणारं शेजारचं कुत्रं गडग्याजवळ आलं, थांबलं आणि पाय न वाजवता मागे गेलं. मला ओल्या काथ्याचा आणि डिझेलचा वास आला. जवळपास होडी नव्हती. सुनंदालाही आला असावा, कारण तिने पदर नाकाशी नेला आणि मग सोडून दिला. अंगणातल्या त्या हिरव्या माणसाकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना.

पानं उचलल्यावर ती म्हणाली, "डोनीत नको. समुद्रात धुवूया."

ओहोटी सुरू होती. खडपावर कमरेएवढं पाणी साठलेलं एक मोठं डबकं आहे, तिथे आम्ही उतरलो. दोन टोकं तिने धरली, दोन मी, आणि कापड पाण्याखाली नेलं. पिवळं पाणी सुटलं नाही. सुटणारच नव्हतं. बघता बघता कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गर्द निळं झालं.

"निळं," मी म्हटलं. "सगळं निळं आहे, सुनंदा. बघ."

तिने बघितलं, पण तिचा चेहरा हलला नाही. मला वाटलं तिला आनंद पचत नाहीये. मी कापड वर ओढायला गेले तर ती म्हणाली, "थांबा."

मधोमध रंग सैल व्हायला लागला होता. तांदूळ धुताना पाणी गढुळतं तसं निळं ढवळून वर येऊन बाजूला जात होतं आणि खाली पांढरं उघडं पडत होतं. आधी डोकं. मग खांदा. मला वाटलं डोळ्यांवर ऊन आलंय. मी डोळे मिटून उघडले. पानांच्या कडा नव्हत्या, मधल्या फटी नव्हत्या, शिरा नव्हत्या. एक अखंड पांढरा माणूस होता. आम्ही उताणा, सरळ मांडलेला माणूस तिथे कुशीवर होता. एक हात डोक्याखाली. डावा गुडघा पोटाशी घेतलेला.

मी माझी दोन टोकं सोडून दिली. मला भीती वाटली, साधी, लहानपणची भीती. सुनंदाने तिची सोडली नाहीत.

"आला," ती म्हणाली. "असाच झोपायचा. डावा गुडगा पोटाशी घेऊन. मी पाय सरळ ठेवलं व्हतं, ताय. तुमी बगितलाव ना?"

मी मान हलवली. ती पाण्यात वाकली आणि एका हाताने त्या पांढऱ्या खांद्यावरून, झोपलेल्याला उठवताना फिरवतात तसा, हात फिरवला. मग कापड गोळा केलं, छातीशी धरलं आणि ओलीच घराकडे चालू लागली. त्यानंतर ते कापड मी पाहिलं नाही, मागितलंही नाही.

सांगलीला आल्यावर मी गच्चीवर हाच प्रयोग सहा वेळा केला. तेच रसायन, तसंच मांजरपाट, पळसाची पानं. एकदा पानांना चुना लावून बघितला, एकदा मिठाचं पाणी घेतलं. चुन्याने ओंगळ डाग पडले, माणूस काही उठला नाही. बाकी प्रत्येक वेळी सगळं निळं निघालं, नियमाप्रमाणे.

शनिवार

सकाळी दत्ताराम येऊन गेले. सुनंदाने त्यांना होकार दिला तेव्हा ते पडवीतच बसले आणि पहिल्यांदा समुद्राकडे तोंड करून बसले. भटजी दहाला येणार होते. माझी एसटी त्याआधीची होती.

सुनंदा पडवीत पळसाचे देठ जुड्या करून बांधत होती. चांगली अंघोळ केलेली, केस विंचरलेले. मी पिशवी खाली ठेवली. रात्रभर मला झोप नव्हती. हे न सांगता मी गेले असते तर पुन्हा कुठल्या कागदाला हात लावू शकले नसते.

"सुनंदा, मी तुला फसवलं," मी म्हटलं. "काल सकाळीच मी ते कापड उन्हात टाकलं होतं. त्यावर काहीच उठायला नको होतं. ते कसं उठलं मला माहीत नाही. तू त्याच्यावर विसंबून हो म्हणू नकोस."

मला वाटलं ती चिडेल, निदान देठ तरी हातातून पडतील. ती जुडीला गाठ मारत राहिली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पानं घेऊन पाखाडी उतरत व्हतंय, तवा वरनं बगितलं. तुमी कापड उलटंसुलटं करत व्हताव."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला बरं वाटलं. म्हटलं, ताय करतंय ते करू दे. आता काय तो उटत नाय. माजा जिता ऱ्हायला." तिने दुसरी जुडी घेतली. "तुमी त्याला मला जिता द्याया बगत व्हताव. मी पन घ्याया तयार व्हतंय. त्यानंच नको म्हटलान."

मी तिच्याजवळ खाली बसले. मला रडू आलं. तिला आलं नाही. शेवटची जुडी बांधून तिने ती बाकीच्यांवर ठेवली आणि पदराला हात पुसले.

"येक काम कराल काय, ताय? दुपारी वाडीतल्या बायका येतील काढायला. त्यांनी काढन्यापेक्षा तुमी काढा."

तिने माझ्याकडे पाठ केली आणि मानेवरचे केस हाताने वर धरले. मंगळसूत्राचा आकडा घट्ट बसला होता, कित्येक वर्षांत तो कोणी उघडला नव्हता. मला चष्मा लावावा लागला. दोनदा निसटला, मग निघाला.